निपाणीचा डबा आणि नव्वद देशांचं इंटरपोल

तंबाखूची_वखार | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा. निपाणीजवळच्या गावात राहतो. सकाळी तालीम, संध्याकाळी जिम. दोन महिन्यांपूर्वी जिममधल्या एकाकडून त्यानं प्रोटीनचा डबा घेतला. दोन किलोचा, अमेरिकन कंपनीचा, दिसायला झकास. दुकानात सहा-साडेसहा हजारांना मिळणारा डबा बत्तीसशेला. वर गोळ्यांची एक स्ट्रिप फुकट. 'डब्याबरोबर घे, अंग लवकर भरतं.' बिल नाही. पैसे फोनवरून पाठवले, तेही कुणा तिसऱ्याच्याच नावावर.

तीन आठवड्यांत अंग भरलं, खोटं कशाला बोलू. मग पाठभर पुटकुळ्या आल्या, झोप उडाली, आईवर खेकसायला लागला. डोळे पिवळसर दिसले तेव्हा बहीण घाबरली आणि त्याला बेळगावला घेऊन गेली. लिव्हरचे आकडे पाचपट. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "जिमला जातोस काय?" आणि दुसरं, "डबा आणलाय?"

तो डबा आता माझ्यासमोर आहे. सगळा मजकूर इंग्रजीत, भारतातल्या आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता कुठंच नाही. स्ट्रिपवर तर बॅच नंबरसुद्धा नाही.

परवा वाचलं की २०२५ मध्ये इंटरपोलनं ९० देशांत मोहीम काढून बेकायदा औषधांचे ५ कोटींहून जास्त डोस पकडले, ७६९ जणांना अटक झाली. वाचून बरं वाटलं. पण मला एवढंच कळून घ्यायचंय की हा डबा माझ्या भाच्यापर्यंत आला कुठल्या वाटेनं, आणि त्याला अडवायचं काम नेमकं कुणाचं होतं?

गोळी_बिस्कीट | सोमवार, रात्री १०.१५

पहिलं म्हणजे पोरगा कसा आहे? सगळं बंद केलं ना? स्ट्रिप टाकून देऊ नका, डबाही धुऊन त्यात तांदूळ भरू नका. (हसू नका, आमच्याकडं एका वहिनींनी भरले होते.)

संकेश्वरला माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. तुमच्या हातात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची दोन वेगवेगळी खाती आहेत, गोंधळ तिथूनच सुरू होतो. पावडर म्हणजे कायद्यानं अन्न. तिच्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक पाहिजे, आणि माल परदेशी असेल तर इथल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि त्याचा परवाना छापलेला किंवा स्टिकरवर पाहिजे. तो नसेल तर डबा एकतर चोरवाटेनं आलाय, नाहीतर इथंच कुठंतरी भरलाय. माझा अंदाज विचाराल तर दुसरंच. रिकामे डबे विकत घेणारे लोक असतात, मर्दा. भंगारवाल्याला विचारून बघा, झाकणासकट धड डब्याला काय भाव देतो ते.

गोळी मात्र औषध. ती १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येते. बॅच नंबर नाही, उत्पादन परवाना नाही, विकणाऱ्याकडं लायसन्स नाही, म्हणजे गुन्हा एका जागी तीनदा झाला. बनावट औषधानं कुणाचा जीव गेला किंवा गंभीर इजा झाली तर किमान दहा वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कायदा मऊ नाही, फक्त त्याला धरायला कागद लागतो. बिल नाही म्हणजे कागद नाही.

आणि पावडरीतच स्टेरॉइड मिसळलं असेल तर? सप्लिमेंटमध्ये हार्मोन किंवा स्टेरॉइड घालायला नियमानंच बंदी आहे. पण डोळ्यांना ते दिसत नाही, लॅबलाच कळतं.

काजूबोंड | सोमवार, रात्री १०.५२

स्ट्रिपवर काय नाव आहे? आमच्या चंदगडला पोरं 'डी-बोल' म्हणतात त्याला.

तंबाखूची_वखार | सोमवार, रात्री १०.५८

तेच. मिथॅन्डिएनोन.

तालीम_तेल_माती | सोमवार, रात्री ११.३०

हे नाव कुस्तीवाल्याला शिकवायला नको. २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर नरसिंग यादव याच द्रव्यात अडकला. आपल्या खाण्या-पिण्यात कुणीतरी मिसळलं असं त्याचं म्हणणं होतं, आपल्या देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेनं, नाडानं मानलं, पण क्रीडा लवादानं मानलं नाही आणि चार वर्षांची बंदी बसली. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. आम्ही रात्री जागून बातम्या बघत होतो.

आमच्या वेळी थंडाई, बदाम, दूध, तूप. मी म्हातारा झालो म्हणून सांगत नाही, त्यातही भेसळ होतीच. पण दुधात पाणी घातलं तर लिव्हर जात नव्हतं. आता पोरांना सहा महिन्यांत शरीर पाहिजे, कारण पोलीस भरती, सैन्य भरती, आणि रीळ. भरतीचं समजू शकतो.

चोर्ला_घाट | मंगळवार, सकाळी ७.०५

मी वास्कोला बंदरावर क्लिअरिंगचं काम करत होतो, आता निवृत्त होऊन बेळगावात टिळकवाडीला असतो. वखारवाल्यांनी वाट विचारली आहे, म्हणून सांगतो.

तस्करी म्हटलं की लोकांना रात्रीची होडी आणि कंदील आठवतो. औषधांच्या बाबतीत ते जुनं झालं. आता माल तुकड्या-तुकड्यांत हलतो. कच्ची पावडर एका देशातून येते, बहुतेकदा 'रंग' किंवा 'कॉस्मेटिक कच्चा माल' असं लिहून. दुसऱ्या देशात एखाद्या घराच्या तळघरात तिच्या गोळ्या होतात. लेबलं तिसरीकडं छापतात, वेबसाईट चौथ्या देशात नोंदवलेली, पैसे पाचवीकडं. शेवटी गिऱ्हाइकाकडं जातं ते दोनशे ग्रॅमचं पाकीट, वर लिहिलेलं 'भेटवस्तू'. एका कंटेनरवर नजर ठेवता येते. पण दिवसाला लाखो पाकिटं येतात, त्यातलं कुठलं फोडणार? शिवाय स्वतःपुरतं औषध आणायला आपल्या नियमांत मुभा आहे. प्रवाशाच्या सामानात एका औषधाच्या शंभर सरासरी डोसांपर्यंत परवान्याशिवाय चालतं. आजारी माणसासाठी ती सोय योग्यच आहे. पण दहा माणसं एकेक खेप घेऊन आली की तीच हजाराची होते.

म्हणून एकट्या देशानं हे जमत नाही. २०१९ मध्ये युरोपोलनं, म्हणजे युरोपियन युनियनच्या पोलीस संस्थेनं, 'व्हिरिबस' नावाची मोहीम केली, इटली आणि ग्रीसच्या तपासयंत्रणा पुढं होत्या. ३३ देश, २३४ अटका, ९ चोरट्या लॅब, ३८ लाख डोपिंग द्रव्यं आणि बनावट औषधं, शिवाय सुमारे २४ टन स्टेरॉइडची कच्ची पावडर. चोवीस टन! जगातल्या कुठल्या आखाड्याला पुरी पडेल एवढी नव्हे, सगळ्या आखाड्यांना उरेल एवढी. त्यात जागतिक डोपिंगविरोधी संस्था 'वाडा' सुद्धा सामील होती, कारण खेळाडूंच्या नमुन्यांत नवीन काय सापडतंय हे पोलिसांआधी तिला कळतं.

इंटरपोलच्या मोहिमेचं नाव 'पँजिया'. २००८ पासून चालू आहे. सगळे देश ठरलेल्या दिवसांत एकदम पोस्टाची पाकिटं तपासतात, वेबसाईट पाडतात, बँकेचे व्यवहार बघतात. एकदम कशाला? एका देशानं दार लावलं की माल शेजारच्या दारानं जातो म्हणून. कस्टम्स, पोलीस आणि औषध नियंत्रक ही तिन्ही खाती एका टेबलावर बसवणं हेच त्यातलं खरं काम. आपल्याकडं इंटरपोलशी बोलायची खिडकी सीबीआय. पूर्वी जिल्हा पोलिसांचं पत्र तिथं पोचायलाच दिवस जायचे. २०२५ च्या जानेवारीत 'भारतपोल' नावाचं पोर्टल सुरू केलं ते त्यासाठीच.

मांडे_आणि_कुंदा | मंगळवार, सकाळी ९.२०

२०२१ ची आठवण झाली. कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय कर्नाटकात सोडत नव्हते. कोल्हापूरहून लग्नाला येणारं आमचं अर्धं वऱ्हाड परत गेलं. त्याच वर्षी मे महिन्यातल्या पँजियात पकडलेल्या वैद्यकीय साधनांत निम्म्याहून जास्त बनावट किंवा परवाना नसलेली कोविड चाचणी किटं होती. म्हणजे माणसं अडली आणि किटं जगभर फिरली.

सीमेवरचा_वाघ | मंगळवार, सकाळी ९.४१

नाका मुळात तिथं असायलाच नको. बेळगाव, निपाणी, खानापूर महाराष्ट्रात आले असते तर एकच खातं असतं, एकच

संपादक | मंगळवार, सकाळी ९.५०

वाघोबा, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि त्यावर आधीच अकराशे प्रतिसाद आहेत. तिकडं या. इथला प्रतिसाद अर्ध्यावर कापला आहे.

गोळी_बिस्कीट | मंगळवार, दुपारी २.१०

वाघोबांचा सूर बाजूला ठेवा, पण एक मुद्दा आहे. औषधाचं लायसन्स राज्य देतं. माझ्या दुकानात येणारी गोळी हिमाचलात बनते, तिचा डेपो महाराष्ट्रात, स्टॉकिस्ट हुबळीत. इथं सॅम्पल नापास झालं तर इथल्या अधिकाऱ्यानं पत्र लिहायचं हिमाचलला. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर नाके गेले, ट्रक आता न थांबता जातो. व्यापाराला फार बरं झालं, मीही खूश आहे. पण कोगनोळीला ट्रकला लागतं मिनिट, आणि पत्राला किती ते विचारू नका. नव्वद देशांचं सोडा, दोन राज्यांचं आधी बघा की.

सॅम्पलची पद्धत लोकांना माहीत नसते. ड्रग इन्स्पेक्टर दुकानातून सॅम्पल उचलतो तेव्हा त्याचे चार भाग करून सील करतो. एक दुकानदाराकडं, एक सरकारी विश्लेषकाकडं, एक कोर्टासाठी, एक ज्याच्याकडनं दुकानदारानं माल घेतला त्याच्याकडं. उद्या लॅबनं चूक केली किंवा कुणी पाकीट बदललं तर पडताळायला दुसरा भाग असावा म्हणून. माझ्याकडं आजवर सात वेळा उचलली, कपाळाला घाम येतोच, माल चोख असला तरी.

आणि वखारवाले, तुमच्यासाठी महत्त्वाचं. याच कायद्याच्या २६ व्या कलमाखाली सामान्य माणूससुद्धा विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडं तपासायला देऊ शकतो. अन्न सुरक्षा कायद्यात ४० वं कलम तसंच आहे. फार कमी लोक वापरतात.

मिरज_पॅसेंजर | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

'आंतरराष्ट्रीय सहकार्य' हा शब्द ऐकून एवढं हुरळून जाऊ नका. एक जुनी गोष्ट सांगतो.

२००८ चा डिसेंबर. भारतातून ब्राझीलला रक्तदाबाचं औषध चाललं होतं, लोसार्टन, ५७० किलो. वाटेत नेदरलँड्समध्ये डच कस्टम्सनं माल धरला. भारतात पेटंट नव्हतं, ब्राझीलमध्ये नव्हतं, नेदरलँड्समध्ये होतं, आणि माल तिथं विकायचाच नव्हता. तरी ३६ दिवस अडकवून शेवटी भारतात परत पाठवला. पुढच्या वर्षी फ्रँकफर्टला वानुआतू बेटांकडं जाणारं अमॉक्सिसिलिन अडवलं, नावावरून शंका आली म्हणे. म्हणजे ज्या अँटिबायोटिकनं कुणाच्यातरी पोराचा ताप उतरायचा ते 'नकली' म्हणून शेल्फवर. भारत आणि ब्राझील २०१० ला जागतिक व्यापार संघटनेत गेले, मग युरोपनं माघार घेतली.

म्हणून आपला देश 'काउंटरफीट' या शब्दाला बिचकतो. त्या एका शब्दात विषारी गोळी आणि स्वस्त पण चोख जेनेरिक गोळी दोन्ही बसवता येतात. जागतिक आरोग्य संघटनेत यावर बरीच वर्षं भांडण चाललं. शेवटी २०१७ मध्ये तो शब्द सोडून दोन वेगळे शब्द घेतले: एक 'दर्जाहीन', म्हणजे परवानाधारक कंपनीचंच पण मानकात न बसणारं, आणि दुसरा 'बनावट', म्हणजे आपण कोण आहोत याबद्दल मुद्दाम खोटं बोलणारं. पेटंटचा वाद बाहेर ठेवला. बनावट औषधांविरुद्धच्या युरोपच्या 'मेडिक्राइम' करारात भारत नाही, तो याच संशयापायी असं मी म्हणणार नाही, पण संशय आहे आणि तो उगाच नाही.

चोर्ला_घाट | मंगळवार, रात्री ८.००

पॅसेंजर, गोष्ट खरी आहे. आमच्या धंद्यात तेव्हा खळबळ उडाली होती, लोक युरोप टाळून माल पाठवायला लागले. पण तिच्यावरून सहकार्यच नको म्हणाल तर वखारवाल्यांच्या भाच्यानं काय करायचं? त्याच्या डब्यात पेटंटचा प्रश्न नाही. २०१५ ला डीएनपी नावाची चरबी जाळणारी म्हणून विकली जाणारी भुकटी युरोपात माणसं मारत होती. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यात वापरलेलं द्रव्य ते! इंटरपोलनं १९० देशांना नारिंगी नोटीस, म्हणजे धोक्याचा इशारा काढला. त्यात भांडण कुणाचं होतं? कुणाचंच नाही. जिथं एकमत आहे तिथं तरी कागद वेगानं जाऊ दे.

दुबईकर_चंदगडी | मंगळवार, रात्री ११.१५ (इकडं पावणेदहा)

गावाकडच्या लोकांना एक विनंती. कुणी इकडं येणार असेल तर त्याच्या पिशवीत 'पाठदुखीच्या गोळ्या असू देत' म्हणून काहीही कोंबू नका. ट्रामाडोल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध इथं नियंत्रित आहे. प्रिस्क्रिप्शन आणि आगाऊ परवानगी नसेल तर विमानतळावर धरतात, आणि 'आईनं दिलं' हे उत्तर चालत नाही. भारतातसुद्धा २०१८ पासून ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. पश्चिम आफ्रिकेत आपल्याकडून गेलेल्या त्या गोळ्यांनी हाहाकार केला, मग जाग आली. तेव्हा आपण नुसते गिऱ्हाईक नाही हो, पाठवणारेही आहोत.

अथणीच्या_बाई | बुधवार, सकाळी ६.४०

शाळेला जायच्या आधी दोन ओळी. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात २०२२ ला आपल्याकडून गेलेल्या खोकल्याच्या औषधानं सत्तरच्या आसपास लेकरं गेली, ती चोरट्या मालानं नव्हे. कंपनी परवान्याची, निर्यात रीतसर, बाटलीवर सगळे शिक्के. आत डायइथिलीन ग्लायकॉल, कारखान्यात वापरायचं विषारी द्रव्य. २०२५ ला छिंदवाड्यातही तेच. आपल्या राज्यात २०२४ च्या नोव्हेंबरात बळ्ळारीला बाळंतिणी दगावल्या, संशय सलाईनवर गेला. मी आई आहे, मला 'दर्जाहीन' आणि 'बनावट' यातला फरक समजला तरी पोटात कालवतं ते सारखंच. गांबियानंतर निर्यातीचं खोकल्याचं औषध सरकारी लॅबमध्ये तपासायची सक्ती केली, १ जून २०२३ पासून. निर्यातीचं! अथणीच्या पोरांनी काय घोडं मारलं होतं?

गोळी_बिस्कीट | बुधवार, सकाळी ११.३०

बाई, बरोबर बोललात, याला माझ्याकडं उत्तर नाही. एवढंच सांगतो की १ ऑगस्ट २०२३ पासून खपातल्या ३०० औषधांच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. फोन धरा, उत्पादक, बॅच, एक्स्पायरी दिसायला पाहिजे. आमच्या दुकानात आजवर तिघांनी धरून बघितला. त्यातला एक माझा मुलगा.

तंबाखूची_वखार | गुरुवार, संध्याकाळी ५.२०

पोराचं आधी. काल पुन्हा रक्त तपासलं, आकडे निम्म्यावर आलेत. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. बहिणीशी आता नीट बोलतो, माझ्याशी नाही, कारण डबा मी नेला.

सोमवारी विकणाऱ्याला फोन लावला होता, मंगळवारपासून बंद. डबा घेऊन एका कार्यालयात गेलो. तक्रार कन्नडमध्ये लिहून द्या म्हणाले, शेजारच्या कन्नड शाळेतल्या मास्तरांनी झकास लिहून दिली, वर चहा पाजला. पण तिथल्या माणसानं डबा बघून मान हलवली. उघडलेला आहे, आतलं तुम्हीच मिसळलं असं उद्या समोरचा वकील म्हणेल. सीलबंद डबा आणा. स्ट्रिपमध्ये दोनच गोळ्या उरल्यात, तपासणीला पुरणार नाहीत. माणूस वाईट नव्हता, त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि त्याच्याकडं तीन तालुके.

आता ऐका. भाच्यानं काल रात्री सांगितलं, आमच्या तालमीच्या वस्तादांच्या खाटेखाली त्याच कंपनीचे दोन डबे आहेत, सीलबंद. त्याच माणसाकडनं घेतलेले. जत्रेच्या मैदानासाठी पोरांची वर्गणी काढून. चौसष्टशे रुपये.

तालीम_तेल_माती | गुरुवार, संध्याकाळी ५.४५

वस्ताद देणार नाहीत. पैशासाठी नव्हे. आपण पोरांना काय पाजत होतो हे कबूल करावं लागेल म्हणून.

तंबाखूची_वखार | गुरुवार, संध्याकाळी ५.५२

तेच तर. माझं ते ऐकणार नाहीत, मी तंबाखूवाला. गोळी_बिस्कीट अण्णा, तुम्ही याल काय? मेडिकलवाल्याचं ऐकतील.

गोळी_बिस्कीट | गुरुवार, संध्याकाळी ६.१०

साडेआठला शटर ओढून निघतो, हायवेनं अर्ध्या-पाऊण तासात पोचतो. मी येईपर्यंत विषय काढू नका. आणि भाच्याला सांगा, पोरांपैकी कुणाला आज ते डबे फोडू देऊ नको म्हणावं.